हॅलोविनला दारोदार कोणी जावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. उन्हाळ्यात पुण्याहून न्यू जर्सीत आलेलं एक कुटुंब. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. मुलगी दीड वर्षाची. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेले. राहायला अपार्टमेंट, आणि तिथे हॅलोविनला (३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलं सोंगं घेऊन घरोघरी कँडी मागतात, तो सण) फारसं कोणी दार वाजवत नाही असं शेजारी सांगतात. ऑफिसातले म्हणतात, पलीकडच्या मोठ्या घरांच्या वस्तीत जा, तिथे मजा असते. तर मुलगा आता या खेळाला मोठा झाला का? दीड वर्षाच्या मुलीसाठी कँडी मागावी का? परक्या वस्तीत जाणं बरं दिसतं का? आई-बाबांनीही सोंग घ्यायचं का? आणि सासूबाई विचारतात, "खाऊन-पिऊन सुखी घरातली पोरं दारोदार मागायला कशाला पाठवता?"

मी इथे प्रीस्कूलमध्ये शिकवते, आणि आमच्या टाउनहाउस वसाहतीच्या समितीत हॅलोविनचं खातं बरीच वर्षं माझ्याच गळ्यात आहे. त्यामुळे हे प्रश्न दर ऑक्टोबरात दोन्ही बाजूंनी कानावर येतात: जाणाऱ्यांकडून, आणि ज्यांच्या दारात लोक येतात त्यांच्याकडूनही.

आधी सरळ उत्तरं देऊन टाकते. मुलाला जाऊ द्या, फक्त धड वेष करून. मुलीला चार घरं फिरवून आणा, पण तिच्या नावाने पिशवी भरू नका. तुम्ही दोघं हौसेने सजा, हात मात्र पुढे करू नका. दुसऱ्या वस्तीत खुशाल जा. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर जरा मोठं आहे. ते आधी घेते, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच उलगडतं.

सासूबाईंना शिमग्याची आठवण करून द्या. कोकणात संकासूर आणि गोमूची सोंगं दारात येऊन नाचतात, पोस्त म्हणजे सणाची बक्षिसी मागतात आणि घरची माणसं हसत हसत देतात. त्याला कोणी भीक म्हणत नाही. सोंग घेऊन मागणं हा सणाचाच भाग असतो, आणि देणाऱ्यालाही त्यात तेवढीच मजा असते. ट्रिक-ऑर-ट्रीटची, म्हणजे हॅलोविनला दारोदार खाऊ मागण्याची, गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुलं सोंगं घेऊन घरोघरी जायची, आणि फुकट काही पदरात पडायचं नाही. गाणं, कविता, विनोद, काहीतरी करून दाखवावं लागायचं. ती माणसं अटलांटिक ओलांडून आली, सोबत प्रथाही आली. इथे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या रात्री पोरांचा धुडगूस इतका वाढला होता (कुंपणाची फाटकं पळव, खिडक्यांना साबण फास) की गावांनीच पोरांना खाऊ देऊन गप्प बसवायची तोड काढली. 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू' ही धमकी तेव्हा खरीखुरी होती. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग आलं तेव्हा सगळं थंडावलं. १९४७ साली रेशनिंग उठलं आणि नव्याने वसणाऱ्या उपनगरांत आज दिसतं ते रूप पक्कं झालं. करून दाखवायचा भाग बहुतेक ठिकाणी गळून पडला. पण मिझुरीतल्या सेंट लुइसमध्ये आणि आयोवातल्या डे मॉइनमध्ये मुलांनी आधी विनोद सांगायचा, मग कँडी, ही रीत अजून आहे. विनोद बहुतेक सांगाड्यांवरचे असतात आणि फार वाईट असतात.

शिमग्यात आणि यात एक फरक मात्र आहे, आणि तुमचे बाकीचे सगळे प्रश्न त्यातूनच निघाले आहेत. शिमग्याचं सोंग मोठी माणसं घेतात आणि पोस्तही तीच नेतात. इथे सोंग कोणीही घ्यावं, खाऊ मात्र मुलांचा. मग मूल कुठपर्यंत मूल, हा वाद आलाच.

त्या वादात लोकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. जाणाऱ्याचे नियम वेगळे आहेत आणि दार उघडणाऱ्याचे वेगळे. जाणाऱ्याने स्वतःला विचारायचं की माझं वय, माझा वेष, माझं वागणं या दारात शोभतं का. दार उघडणाऱ्याने यातलं काही म्हणजे काही विचारायचं नाही. दाराबाहेर दिवा लावून 'या' म्हटलं आहे ना? मग जो समोर येईल त्याला द्यायचं. आमच्या समितीतली निम्मी भांडणं जाणाऱ्याचे नियम दार उघडणाऱ्याने हातात घेतल्यामुळे होतात. उरलेली पार्किंगवरून.

आता मुलगा. वयाची रेघ कायद्याने आखायचे प्रयत्न झालेले आहेत. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात १९७० पासून १२ वर्षांवरच्या मुलांनी ट्रिक-ऑर-ट्रीट करणं हा गुन्हा होता, आणि कागदावर त्याला तुरुंगाची शिक्षासुद्धा होती. त्याची देशभर टिंगल झाली. २०१९ साली त्यांनी वय १४ वर नेलं आणि तुरुंग काढून टाकला. इलिनॉयमधल्या बेलव्हिलने २००८ साली आठवीच्या पुढच्यांना मनाई केली. न्यू जर्सीत असा राज्यभराचा वयाचा कायदा नाही. काही गावं ३० आणि ३१ ऑक्टोबरला अल्पवयीन मुलांसाठी रात्रीची संचारबंदी लावतात, तेवढं तुमच्या टाउनशिपच्या, म्हणजे गावाच्या प्रशासनाच्या, संकेतस्थळावर बघून घ्या. तिचं कारण ३० तारखेची 'मिस्चिफ नाइट'. त्या रात्री झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतात, गाड्यांवर अंडी फोडतात. नव्या मित्रांनी कितीही गळ घातली तरी त्या रात्री मुलाला बाहेर सोडू नका. बाहेर सोडण्याच्या बाबतीत एवढा एकच ठाम नकार मी तुम्हाला सुचवेन.

कायदा बाजूला ठेवला तर व्यवहार असा आहे की आठवीपर्यंतची मुलं सर्रास जातात. नववीला हायस्कूल सुरू झालं की बरीचशी आपोआप थांबतात. उरलेली धाकट्या भावंडांना घेऊन जातात, किंवा कोणाच्या तरी गॅरेजमध्ये भुताचं घर उभारून लहानांना घाबरवण्यात रमतात. म्हणजे तुमचा मुलगा अगदी शेवटच्या गाडीला आहे, आणि त्याचं तर हे पहिलंच हॅलोविन. त्याच्या वर्गातल्यांना रांगायच्या वयापासून मिळालेली गोष्ट त्याला एकदा तरी मिळू दे. तो स्वतः 'मला नको' म्हणाला तर मात्र आग्रह करू नका. आठवीतल्या मुलाला, तेही नव्या शाळेत, आई-बाबांसोबत फिरण्याची लाज वाटत असेल आणि सोबत जायला मित्र अजून जमले नसतील. अशा वेळी त्याला बहिणीचा सोबती करा, नाहीतर ओळखीच्या घरी कँडी वाटायला बसवा. वाटण्याचं काम मुलांना वाटतं त्यापेक्षा जास्त आवडतं.

धड वेष म्हणजे महागडा वेष नव्हे. मोठ्या मुलांचा राग येतो तो त्यांच्या उंचीमुळे नाही. हुडी घातलेली चार पोरं, हातात उशीचा अभ्रा, कानात इअरबड, दार उघडल्यावर तोंडातून अवाक्षर नाही, नुसता अभ्रा पुढे. राग त्याचा येतो. उलट मागे एकदा सहा फुटी मुलगा निळ्या टपालपेटीसारख्या रंगवलेल्या खोक्यात स्वतःला कोंबून आमच्या वसाहतीत आला होता. त्या खोक्यामुळे त्याला पायऱ्या चढता येईनात, तर समोरचे आजोबाच वाटी घेऊन खाली उतरले आणि त्यांनी कँडी पेटीच्या फटीतून आत टाकली. त्याला वय विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पुठ्ठ्याचं खोकं, रंग आणि थोडं डोकं एवढ्यावर काम भागतं. तुमच्या मुलाला क्रिकेटचे पॅड आणि हेल्मेट घालून जायचं असेल तर तेही चालेल, फक्त निम्म्या घरांत 'तू कोण?' याचं उत्तर द्यायची तयारी ठेवायची.

दारातली रीतही त्याला आधीच सांगून ठेवा, कारण इथल्या मुलांच्या ती अंगवळणी पडलेली असते आणि नवीन आलेला मुलगा तिथेच गोंधळतो. हिरवळ तुडवत आडवं जायचं नाही, फरसबंदीच्या वाटेने जायचं. बेल एकदाच वाजवायची आणि थोडं थांबायचं. पुढे लहान मूल उभं असेल तर त्याचं होईपर्यंत मागे राहायचं. दार उघडलं की मोठ्याने 'ट्रिक-ऑर-ट्रीट' म्हणायचं. वाटी पुढे केली तर एक उचलायची. 'घे, दोन घे' म्हणाले तर दोन. आवडीची शोधत वाटी ढवळायची नाही. थँक यू म्हणायचं, मग निघायचं. पायरीवर नुसती वाटी आणि 'एक घ्या' अशी चिठ्ठी ठेवलेली दिसली तरी एकच. हे कोणी बघत नसतं असं मुलांना वाटतं, पण हल्ली प्रत्येक दाराच्या बेलला कॅमेरा असतो आणि दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या ग्रुपवर वाटी पालथी करणाऱ्याचा व्हिडिओ फिरत असतो. हे व्हिडिओ टाकणाऱ्यांनाही मी दर वर्षी झापते, तो भाग वेगळा.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट उघड बोलायला हवी. तेराव्या वर्षी आपल्या मुलांना मिसरूड फुटलेलं असतं, आवाज बदललेला असतो, आणि इथल्या काही लोकांना ती सोळा-सतराची वाटतात. काळ्या मुलांना हे त्याहून जास्त सोसावं लागतं. आमच्याच एका शेजाऱ्यांनी एकदा वयापेक्षा मोठ्या दिसणाऱ्या एका मुलाला दारात विचारलं, "हाउ ओल्ड आर यू?" मुलगा होता अकरा वर्षांचा. अंगावर कोळ्याचा (स्पायडरचा) पोशाख, पाठीला पायमोज्यात कापूस भरून शिवलेले चार जादा पाय. "इलेव्हन," तो म्हणाला आणि हातातली कँडी परत वाटीत ठेवून मागे वळला. शेजारी ओशाळून त्याच्या मागे दोन पावलं गेले, पण तोवर तो रस्त्याला लागला होता. तुमच्या मुलाला घरीच सांगून ठेवा की कोणी वय विचारलंच तर खरं सांगायचं, 'हॅपी हॅलोविन' म्हणायचं आणि पुढच्या घराकडे वळायचं. कँडी परत ठेवायची नाही. वादही घालायचा नाही. आणि खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल कुठल्याही वेषात नको, अंधार पडल्यावर तर नकोच. पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटाही टाळा. त्यातून त्याला रस्ता धड दिसत नाही आणि दार उघडणाऱ्याला तो दिसत नाही.

उद्या दार उघडायची पाळी तुमच्यावर येईल, तेव्हा ही गोष्ट दुसऱ्या बाजूने लक्षात ठेवा. समोरच्या उंच मुलाला ऑटिझम असू शकतो. तो बोलणारच नाही किंवा मूठभर उचलेल. एखादीने वेष केला नसेल, कारण कपड्याचा स्पर्शच तिला सहन होत नाही. २०१८-१९ च्या सुमाराला ऑटिझम असलेल्या मुलांनी निळी बादली घेऊन जावं अशी कल्पना समाजमाध्यमांवर पसरली. काही पालकांना ती सोयीची वाटते. काहींना वाटतं, मुलाच्या हातात आजाराचा फलक कशाला द्यायचा? मी शाळेत पालकांना सांगते, तुमची मर्जी. शेजाऱ्यांना सांगते, बादलीचा रंग बघून द्यायची वेळच यायला नको. एवढ्याशा चॉकलेटसाठी दारात मुलाखत घेणारा माणूस मला कंजूष तर वाटतोच, थोडा हास्यास्पदही वाटतो.

दीड वर्षाच्या मुलीचं मात्र मी जाणाऱ्याच्या नियमात बसवते आणि तिथे जरा कडक आहे. तिला भोपळ्याचा किंवा मधमाशीचा झगा घाला, सूर्य मावळायच्या आत पाच-सहा ओळखीच्या दारांत न्या. लोकांना तान्ही आणि दुडदुडणारी मुलं बघायला आवडतात, आणि ते तिला काहीतरी देणारच. दिलेलं नाकारू नका, घ्या आणि थँक यू म्हणा. पण तिला बाबागाडीत झोपवून, वर पिशवी अडकवून तासभर घरं करणं बरं दिसत नाही. ती कँडी कोणाच्या पोटात जाणार हे समोरच्याला कळतं. ती तिला चालणारही नाही. शेंगदाणे, कडक गोळ्या, च्युइंगम हे चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ देऊ नका म्हणतात. याचाच भाऊबंद म्हणजे 'धाकटा घरी झोपलाय, त्याच्यासाठी एक' ही मागणी. एखादं मूल खरंच आजारी असेल आणि शेजारी स्वतःहून दुसरी पुडी देतील तर गोष्ट वेगळी. नाहीतर थोरल्याच्या पिशवीतून वाटा काढा.

तुमचं दोघांचं सोपं आहे. वेष करा. घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच विषय घेतला तर लोक कौतुकाने थांबून बघतात. फक्त तुमच्या हातात पिशवी नको. उभं कुठे राहायचं यालाही इथे रीत आहे. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर आई-बाप पायरीपर्यंत जातात, मोठं असेल तर ड्राइव्हवेच्या तोंडाशी, रस्त्याकडेला थांबतात आणि दार उघडणाऱ्याला हात हलवतात. हा हात हलवणं महत्त्वाचं. मुलासोबत कोणीतरी आहे आणि ते माणुसकीने वागणारं आहे, एवढं त्यातून समोरच्याला समजतं. दार उघडताच आतल्या दिवाणखान्यावर फोन रोखून चित्रीकरण करू नका, दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो काढू नका. सासऱ्यांना सोबत यायचं असेल तर जरूर आणा, पण नातवाची जड झालेली पिशवी त्यांच्या हातात देऊन त्यांना दारात उभं करू नका. ते मागायला आलेत असा कोणाचा समज झाला तर सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल.

आता परक्या वस्तीचा प्रश्न. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त तक्रारी याच असतात: 'बाहेरून गाड्या भरभरून येतात, आपल्या मुलांना काय उरतं?' माझं उत्तर ठरलेलं आहे, अजून दोन पिशव्या आणा. ज्यांच्या घराला अंगण नाही, ज्यांचा रस्ता पायी चालण्यासारखा नाही, जे अपार्टमेंटमध्ये राहतात, ती मुलं शेवटी जाणार कुठे? न्यू जर्सीत कितीतरी वस्त्या हायवेला लागून आहेत, पदपथ नाहीत, दिवे नाहीत. तिथल्या आई-बापांनी मुलांना दिव्यांच्या, शांत रस्त्यांच्या भागात आणलं तर ते शहाणपणच करतात. तेव्हा तुम्ही जा, आणि अपराधी वाटून घेऊ नका.

जायची पद्धत मात्र सांभाळा. गाडी एका जागी लावा आणि तिथून पायी फिरा. दर घरापुढे गाडी थांबवायची, मुलांनी उतरायचं, चढायचं, पुन्हा वीस फुटांवर उतरायचं, हे लोकांना खुपतं आणि ते धोक्याचंही आहे. १९७५ ते २०१६ पर्यंतच्या अपघातांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये आला होता. हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणारा माणूस गाडीखाली सापडून दगावण्याचा धोका पुढच्या-मागच्या आठवड्यांतल्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांत तर तो कित्येक पटींनी वाढलेला दिसला. काळ्या झग्यातलं मूल दोन उभ्या गाड्यांमधून धावत बाहेर येतं तेव्हा चालवणाऱ्याला ते दिसत नाही. मुलाच्या पाठीवर चकाकणारी पट्टी लावा, हातात बॅटरी द्या. फाटक असलेल्या वसाहतीत कोणाकडून तरी मिळालेला कोड दाबून शिरू नका. तिथे राहणाऱ्याने बोलावलं असेल तरच जा. आणि कोणी ओळखीच्यांनी 'आमच्याकडे या, आमची गल्ली मस्त आहे' म्हणून बोलावलं, तर जाताना कँडीची एक मोठी पिशवी त्यांच्या वाटीत टाकायला घेऊन जा. चांगल्या गल्लीत एका संध्याकाळी शेकड्याने मुलं येतात आणि यजमानांचा खिसा चांगलाच हलका होतो. ही पिशवी नेणारे फार थोडे असतात, आणि यजमान त्यांना विसरत नाहीत.

तुमच्या अपार्टमेंटलाही लगेच मोडीत काढू नका. लीझिंग ऑफिसात विचारा. बऱ्याच ठिकाणी ते दाराला लावायला भोपळ्याचा कागद देतात. ज्यांनी तो लावला त्यांच्याच दारावर टकटक करायची. शाळांच्या आणि चर्चच्या वाहनतळांवर 'ट्रंक-ऑर-ट्रीट' असतं, गाड्यांच्या डिक्या सजवून तिथेच कँडी वाटतात. दीड वर्षाच्या मुलीला हे सगळ्यात सोयीचं, तेरा वर्षांच्या मुलाला सगळ्यात कंटाळवाणं.

कुठल्या दारात जायचं नाही हे ओळखणं सोपं आहे. दाराबाहेरचा दिवा बंद असेल तर बेल वाजवायची नाही. धर्मामुळे हॅलोविन न पाळणारी घरं असतात, कोणी आजारी असतं, कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, कोणाला नुसता कंटाळा असतो. कारण विचारायचं नाही. आपल्या लोकांची इथे एक गंमत होते. दिवाळी याच सुमाराला येते, २०२४ साली तर ती ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पणत्या, आकाशकंदील, दिव्यांच्या माळा लावलेलं घर म्हणजे मुलांच्या दृष्टीने उघडं दुकान. लक्ष्मीपूजनाच्या ऐन मुहूर्तावर दारात तीन झाँबी आणि एक डायनोसॉर. म्हणून दिवे लावायचे असतील तर दारापाशी कँडीची वाटी ठेवाच. त्यात चकल्या-लाडू ठेवू नका, कितीही मनात आलं तरी. घरचा पदार्थ अनोळखी घरातून आला तर इथले पालक तो टाकूनच देतात. अनोळखी माणसं कँडीत विष घालतात ही भीती जुनी आहे. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या, तर अनोळखी माणसाने असं करून मूल मारल्याचं एकही सिद्ध उदाहरण सापडलं नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये सायनाइडच्या कँडीने एक मुलगा गेला, पण ती त्याच्या बापानेच विम्याच्या पैशांसाठी दिली होती. भीती मात्र राहिली ती राहिलीच. फराळ शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी ताटात घालून, नाव सांगून द्या. तो आवडीने खातात.

सासूबाईंना वाटायला बसवायचा विचार असेल तर बंद पुड्या आणा, आणि थोड्या वेगळ्या वाटीत पेन्सिली, स्टिकर, चेंडू ठेवा. निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा दारात दिसला तर त्याचा अर्थ त्या घरी खाण्याव्यतिरिक्तही काहीतरी मिळतं. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ही पद्धत २०१२ साली टेनेसीत सुरू झाली आणि २०१४ पासून 'फेअर' या संस्थेने ती देशभर नेली. भोपळा रंगवायला सासऱ्यांना बसवा.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे लहान मुलं शाळा सुटली की लगेच, चारच्या सुमाराला बाहेर पडतात. सूर्य सहाच्या आसपास मावळतो. मोठी मुलं तेव्हा निघतात आणि आठपर्यंत घरी येतात. साडेआठनंतर बेल वाजवणं बरं नाही, मग दिवा चालू असला तरी. मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या-उत्तरेकडच्या राज्यांतल्या, बऱ्याच गावांत अधिकृत तास ठरवलेले असतात. इथेही गावाची सूचना बघावीच. २०१२ साली सँडी वादळानंतर गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी न्यू जर्सीचं अख्खं हॅलोविन आदेश काढून ५ नोव्हेंबरवर ढकललं होतं.

घरी आल्यावर पिशवी टेबलावर उलटी करा आणि काही खायच्या आत निवडा. तुम्ही शाकाहारी असाल तर इथल्या स्टारबर्स्टमध्ये जिलेटिन असतं, मार्शमॅलो आणि कँडी कॉर्नमध्येही. अंडंही चालत नसेल तर स्निकर्सच्या घटकांत अंड्याचा पांढरा भाग लिहिलेला सापडेल. छोट्या पुड्यांवर घटक बऱ्याचदा छापलेले नसतात, तेव्हा नाव टाकून फोनवर शोधा. शेंगदाण्याची कुठलीही पुडी मुलाने शाळेत नेऊ नये. कितीतरी वर्गांत त्याला बंदी असते. पहिल्या रात्री त्याला हवं तेवढं खाऊ द्या, दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर दोन. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काही दंतवैद्य उरलेली कँडी वजनावर विकत घेतात आणि सैनिकांना पाठवतात. हे त्याला ३१ तारखेच्या आधीच सांगा, म्हणजे कोणती ठेवायची आणि कोणती विकायची याचा हिशोब तो स्वतःच मांडत बसेल.